मधाला तुरटपणाची जोड

मध वर्षानुवर्षं टिकतो, कारण त्यात यीस्टला जगण्यापुरतंही पाणी नसतं. नीट पिकलेल्या मधात पाणी १७-१८ टक्के आणि साखर ८० टक्क्यांच्या आसपास. तीही बहुतेक फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, म्हणजे यीस्टला थेट खाता येईल अशी. पण एवढ्या दाट मधात यीस्टची पेशी पडली, की तिच्या अंगातलंच पाणी बाहेर ओढलं जातं आणि ती निपचित पडते. त्याच मधात तिप्पट-चौपट पाणी घाला, सगळं चित्र पालटतं. यीस्ट जागी होते, साखर खाते, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि काही आठवड्यांत मधपाण्याचं मीड होतं.

सह्याद्रीतल्या मधपाळांना हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. आग्या मोहोळाच्या मधात पाण्याचा अंश पुष्कळदा २० टक्क्यांच्या वर जातो आणि पावसाळ्याच्या दमट हवेत असा मध बाटलीतच फसफसायला लागतो. सातेरीचा, पेटीतला, मेणाने बंद केलेल्या पोळ्यातून काढलेला मध सहसा असा वागत नाही. आंबणं मधाच्या जवळच उभं असतं. पाण्याच्या दोन-चार टक्क्यांचं अंतर असतं, एवढंच.

हे पुस्तक मीडच्या एका शाखेबद्दल आहे: चहा आणि फळं घालून घरी केलेलं मीड. चहा आणि फळं ही मीडमध्ये केवळ स्वादासाठी घालायची असतात, असा समज सर्वत्र आहे. ‘पीच-चहा’, ‘ब्लॅकबेरी-चहा’ अशी नावं वाचून तो आणखी पक्का होतो. मला तो चुकीचा वाटतो, आणि या प्रस्तावनेत मला मुख्यतः एवढंच पटवून द्यायचं आहे, की चहा आणि फळ मधाची उणीव भरून काढतात. स्वाद ही त्यानंतरची गोष्ट.

उणीव कोणती, ते पाहू. द्राक्षाच्या रसात साखर असते, आंबटपणा असतो, सालीत आणि बियांत तुरटपणा असतो आणि यीस्टला वाढायला लागणारा नायट्रोजनही बऱ्यापैकी असतो. द्राक्ष चिरडून ठेवलं तरी त्याची वाइन होते ती यामुळे. मधाकडे यातली साखर तेवढी भरपूर आहे. आम्ल आहे, पण ते गोडव्याखाली झाकलेलं. पाणी घातल्यावर फारच सौम्य होतं. तुरटपणा जवळजवळ नाही. आणि नायट्रोजन इतका कमी, की यीस्ट अर्ध्या वाटेत उपाशी पडते. उपाशी यीस्ट सडक्या अंड्यासारखा वास सोडते आणि कधी कधी काम अर्धवट टाकून थांबते. नुसत्या मध-पाण्याचं मीड सगळी साखर संपल्यावर चाखलं, तर सुगंध येतो, मद्याची ऊब येते, पण तोंडात धरायला काही सापडत नाही. चव जिभेवरून पाण्यासारखी ओघळून जाते. आपल्याकडे चवी सहा मानल्या आहेत आणि त्यांत ‘तुरट’ला स्वतःची जागा आहे. आवळा, हिरडा, जांभूळ, कच्ची सुपारी खाल्लेल्या माणसाला या मीडमध्ये काय कमी आहे ते कोणी सांगावं लागत नाही.

तो तुरटपणा चहात असतो. चहाच्या पानातली पॉलिफेनॉल लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात, म्हणून जीभ आणि गाल आक्रसल्यासारखे वाटतात. मीडमध्ये ती दुहेरी उपयोगी पडतात. तोंडात पेयाला अंग येतं, आणि बुधल्यात मधातल्या प्रथिनांना धरून ती तळाशी बसायला मदत करतात, म्हणजे मीड लवकर निवळतं. ब्रिटनमध्ये घरोघरी फुलांची आणि भाज्यांची वाइन करणारी मंडळी कृतीच्या शेवटी ‘एक कप कडक गार चहा’ घालायला सांगतात, तीही याचसाठी. डँडेलियनच्या पाकळ्यांत किंवा एल्डरच्या फुलांत तुरटपणा नाही. तो स्वयंपाकघरातल्या सगळ्यांत स्वस्त वस्तूमधून घ्यायचा. त्या वाइनमध्ये चहा ओळखूही येत नाही. आपण त्याच्या एक पाऊल पुढे जाऊन चहाला ओळखू येईल इतकी जागा देतो.

मराठी वाचकाने इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आपला रोजचा चहा दुधाचा. दुधातलं केसीन चहाची पॉलिफेनॉल बांधून टाकतं, त्यामुळे टपरीवर पाच-सात मिनिटं रटरटणारा चहासुद्धा घशाला टोचत नाही. मीडमध्ये दूध नाही, आणि ते कधीच घालायचं नाही. फाटतं आणि नासतं. म्हणजे पानातून जो काही तुरटपणा, कडूपणा निघेल तो सगळा तसाच प्यायचा असतो. सीटीसीची बारीक दाणेदार पूड उकळून केलेला काढा मधात ओतला, तर पहिले सहा महिने ते मीड पिववत नाही. उकळी आलेलं पाणी गॅसवरून उतरवावं, त्यात पान टाकावं, चार-पाच मिनिटांनी गाळावं आणि पूर्ण गार झाल्यावर मधपाण्यात मिसळावं. ग्रीन टी असेल तर पाणी ७५ ते ८० अंशांवर उतरू द्यावं. दार्जिलिंगच्या पहिल्या तोडणीसारखं नाजूक, सुगंधी पान असेल तर ते गरम पाण्यात घालूच नये. आंबणं संपल्यावर कापडाच्या पुरचुंडीत बांधून थेट मीडमध्ये सोडावं आणि रोज चाखून पाहावं. हवी तशी चव आली, की पुरचुंडी बाहेर. आसामचं पान बळकट, निलगिरीचं स्वच्छ आणि चटपटीत. गवती चहाला आपण चहा म्हणतो, पण त्यात लिंबासारखा सुगंध आहे, चहाचा तुरटपणा नाही. तो सोबत घालावा, चहाच्या जागी नको.

आणखी एक लहानशी गोष्ट: चहातलं कॅफिन यीस्ट खात नाही. ते मीडमध्ये तसंच राहतं. प्रमाण थोडं असलं, तरी ज्यांची झोप चहाने उडते त्यांनी रात्रीच्या पेल्याचा विचार करावा.

फळाचं काम आंबटपणा देण्याचं. शिवाय रंग, थोडा नायट्रोजन, आणि साल तुरट असेल तर तुरटपणाही. फळ कधी घालायचं यावर मतभेद आहेत आणि ते राहतील. सुरुवातीलाच घातलं तर यीस्टला खाद्य मिळतं, पण पहिल्या दोन आठवड्यांत बुडबुड्यांबरोबर फळाचा सुगंधही उडून जातो. किती बुडबुडे, याची कल्पना यावी म्हणून सांगते: एक किलो मधातली साखर पूर्ण आंबली तर दोनशे लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एवढा वायू पेयातून जाताना बरोबर बरंच काही घेऊन जातो. माझं मत स्पष्ट आहे: पहिला जोर ओसरल्यावर फळ घालावं. तेव्हा मद्यार्क तयार झालेला असतो, तो सालीतला रंग आणि वास ओढून घेतो, आणि नको त्या जीवाणूंना फारसा वाव उरत नाही.

फळ आधी धुऊन, बिया काढून, फ्रीजरमध्ये गोठवून मग वितळू द्यावं. गोठताना पेशी फुटतात आणि रस सहज सुटतो. शिजवू मात्र नये. शिजवल्याने पेक्टिन सुटतं आणि मीड कायमचं धूसर राहतं. आंबा, जर्दाळू, आलुबुखार यांत पेक्टिन भरपूर, म्हणून पेक्टिन तोडणारं एन्झाइम घालणं बरं. डबाबंद हापूसचा रस परदेशात सहज मिळतो, पण डब्यावरचं लेबल वाचल्याशिवाय वापरू नका. सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट असेल तर यीस्ट वाढणार नाही. आमसुलाचंही तसंच. बाजारातलं आमसूल आणि आगळ बहुधा मीठ घातलेलं असतं. बिनमिठाचं मिळालं तरच घ्यावं. जांभूळ मिळत असेल तर दुसऱ्या फळाकडे पाहूच नये, इतकं ते मधाशी जुळतं: रंग गडद, आंबटपणा सौम्य, तुरटपणा अंगचाच. तिथे चहा थोडा कमी लागतो.

चहा नवा असला तरी मधासोबत दुसरं काही आंबवण्याची रीत अतिशय जुनी आहे. चीनच्या हनान प्रांतात जियाहू इथे सापडलेल्या सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत तांदूळ, मध आणि फळ एकत्र आंबवल्याच्या रासायनिक खुणा मिळाल्या. पॅट्रिक मॅकगव्हर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध केलं. इथिओपियातलं ‘तेज’ आजही गेशो या झुडपाची पानं आणि काटक्या घालून करतात. मधाच्या गोडव्याला कडवटपणाचा आधार लागतो, हे तिथल्या बायकांनी कधीच ओळखलं होतं. पोलंडमध्ये मध आणि पाण्याच्या प्रमाणावरून मीडच्या चार जाती ठरतात. ‘पुवतोराक’मध्ये एक भाग मधाला अर्धा भाग पाणी, ‘च्वूर्निआक’मध्ये एकाला तीन. या चारही पारंपरिक जातींना २००८ साली युरोपीय संघाचं संरक्षण मिळालं.

आपल्या परंपरेत याचं सगळ्यांत जवळचं नातं आसव-अरिष्टांशी आहे. औषधी वनस्पतींचा काढा करून तो गुळाबरोबर किंवा मधाबरोबर आंबवला की अरिष्ट. न उकळता आंबवलं की आसव. आंबवण्यासाठी त्यात धायटीची फुलं घालतात. सह्याद्रीच्या उतारांवर लालभडक फुललेली धायटी सगळ्यांनी पाहिलेली असते. तिच्या फुलांबरोबर रानातली यीस्ट येते आणि फुलांत तुरटपणाही भरपूर असतो. म्हणजे मध, गाळलेला काढा, तुरट द्रव्य आणि बंद भांड्यात मुरण्याचा काळ, ही चौकट आपल्या वैद्यांना पूर्ण अवगत होती. गरम पाण्यात केलेला चहा गाळून घातलेलं मीड अरिष्टाच्या वाटेचं, थंड मीडमध्ये पान सोडलेलं आसवाच्या. मी याला औषध म्हणत नाही आणि कोणी म्हणू नये. हे मद्य आहे. पण कृतीचं तर्कशास्त्र तेच आहे, आणि ते परकं मानायचं कारण नाही.

घरी मद्य करण्याचा प्रश्न राज्यकर्त्यांपुढेही जुनाच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात कुटुंबवत्सल गृहस्थांना कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा दिलेली आहे. आजचा कायदा वेगळा आहे आणि त्याबद्दल संदिग्धता नको. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते चार लिटर असो की स्वतःपुरतं असो. म्हणून महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकाने हे पुस्तक जाणकारीसाठी वाचावं आणि मीड चाखायचं तर परवानाधारकांकडचं घ्यावं. पुण्यात आणि नाशिकमध्ये अशा मीडरी उभ्या राहिल्या आहेत; नाशिकच्या मीडरीचं ‘सेराना’ हे नाव तर सातेरी माशीच्या शास्त्रीय नावावरूनच घेतलेलं आहे. अमेरिकेत मात्र १९७८च्या कायद्यानंतर केंद्रीय पातळीवर घरगुती बिअर आणि वाइनला करमुक्त मुभा आहे: एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २००. मीडही त्यातच येतं. ब्रिटनमध्ये स्वतःच्या घरासाठी करता येतं, विकता येत नाही. त्या त्या देशांत राहणारे मराठी वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहेत: ज्यांच्या कपाटात आसामचा चहा असतो, ज्यांच्या गल्लीच्या टोकाला ऑगस्टमध्ये ब्लॅकबेरीचं कुंपण काळंभोर होतं, आणि ज्यांना ती फळं जॅमशिवाय कशात घालावीत हे ठाऊक नसतं.

भीतीबद्दल दोन शब्द. ‘घरची दारू’ म्हटलं की मराठी माणसाच्या मनात विषारी दारूचे मृत्यू येतात, आणि ते स्वाभाविक आहे. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली. ती दारूत मिसळलेल्या मिथेनॉलने गेली. मध आणि फळ आंबवताना पेक्टिनपासून मिथेनॉलचा अल्प अंश निर्माण होतो, तसा तो द्राक्षाच्या वाइनमध्येही असतो. त्याने असं काही घडत नाही. आंबवलेलं पेय ऊर्ध्वपातन करून तीव्र करण्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. ते धोक्याचं आहे, अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही परवान्याविना बेकायदेशीर आहे, आणि या पुस्तकात त्याबद्दल एक ओळही नाही.

घरच्या मीडमधला खरा धोका बाटली फुटण्याचा. आंबणं संपलेलं नसताना बूच घट्ट बसवलं, तर आत वायू साठत जातो आणि काच फुटून माणसं जखमी होतात. फळात नवी साखर असते, म्हणून फळ घातल्यावर थांबलेलं आंबणं पुन्हा सुरू होतं, हे विसरून चालत नाही. नुसत्या नजरेने किंवा बुडबुडे थांबल्यावरून अंदाज बांधू नका. हायड्रोमीटर घ्या, फार महाग नसतो. आठवड्याच्या अंतराने दोनदा तोच आकडा आला, तरच आंबणं थांबलं असं समजा. मीड गोड ठेवायचं असेल तर ते पूर्ण निवळू द्या, गाळ सोडून वरचं नितारून घ्या, सल्फाइट आणि सॉर्बेट घाला आणि मगच वरून मध मिसळा. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही. गढूळ, जोरात चाललेल्या मीडमध्ये ते घालून काही साधत नाही.

पहिल्या खेपेसाठी एक प्रमाण इथेच देते. पुढची सगळी प्रकरणं त्याच्यावर उभी आहेत. एक किलो मध घ्या, न उकळता. त्यात १२ ग्रॅम आसाम चहाचं अर्धा लिटर गार कोरं पाणी आणि बाकी साधं पाणी घालून एकूण चार लिटर करा. हायड्रोमीटर १.०७४च्या जवळपास दाखवील; सगळी साखर संपली तर मद्यार्क साधारण १० टक्के होईल. भांडं सहा लिटरचं हवं, कारण पुढे त्यात एक किलो ब्लॅकबेरी किंवा जांभूळ मावायचं आहे. फळातल्या पाण्याने मद्यार्क किंचित उतरतो, त्याची चिंता नको. यीस्ट ७१बी जातीची घ्या. ती फळातलं मॅलिक आम्ल काही प्रमाणात खाते आणि आंबटपणाची धार कमी करते. यीस्टचं खाद्य एकदम न घालता पहिल्या काही दिवसांत थोडं थोडं विभागून घाला, आणि तेवढेच दिवस रोज ढवळा. त्यानंतर हवा लागू द्यायची नाही. हवेत मद्यार्काचा शिरका करणारे जीवाणू वाढतात. कोंबुचा करणारे ज्यांना आमंत्रण देतात, ते इथे नको आहेत. खोलीचं तापमान १८ ते २० अंश. भांडी, नळ्या, चमचे यांची स्वच्छता आपल्या आज्या लोणच्याच्या बरणीची ठेवत तशी: धुतलेली, कोरडी, दुसऱ्या कशाचाही हात न लागलेली.

मग थांबायचं. तीन महिन्यांचं चहाचं मीड चाखून पुष्कळ जण निराश होतात, कारण तेव्हा तुरटपणा वेगळा, आंबटपणा वेगळा आणि मद्यार्क वेगळा लागतो. काळाबरोबर टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात, मोठे होतात, काही तळाशी बसतात, आणि तुरटपणाची टोकं बोथट होतात. नऊ-दहा महिन्यांनी तेच मीड मुरतं आणि एकजीव लागतं. चहाच्या मीडला साध्या मीडपेक्षा जास्त धीर लागतो, आणि त्या धीराचं फळही ते जास्त देतं.

शेवटी मधाबद्दल, कारण बाकी सगळं बदलता येतं, मध बदलता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटने भारतीय बाजारातल्या अनेक प्रसिद्ध मधांत साखरेचा पाक मिसळलेला असल्याचं उघड केलं. पाकही आंबतो, मद्यार्कही होतो. पण साखर संपल्यावर फुलांचं जे मागे उरायला हवं, ते त्यात नसतंच. चांगल्या मधातली साखर गेली तरी फूल राहतं. महाबळेश्वरच्या मधपाळांना जांभळाचा, हिरड्याचा, गेळ्याचा मध चवीवरून ओळखता येतो, आणि सात-आठ वर्षांनी एकदा कारवी फुलली की तिच्या मधाची ते वाट पाहतात. तिथल्या मांघर गावाला २०२२ साली ‘मधाचं गाव’ म्हणून ओळख मिळाली, ती अशा कित्येक पिढ्यांच्या कसबावर. थिजलेला, रवाळ झालेला मध पाहून तो भेसळीचा समजू नका. ग्लुकोजचे खडे होणं हा मधाचा स्वभाव आहे आणि मीडला असा मध उत्तम चालतो.

तुम्ही जिथे राहता तिथे मधपाळ शोधा. त्याच्या पेट्या पाहा, यंदा माश्या कोणत्या फुलांवर गेल्या ते विचारा, आणि तो सांगेल त्या किमतीला, घासाघीस न करता, एक किलो मध घ्या. पहिली खेप तेवढ्यावरच करा.